खंडेनवमीचा पेनड्राइव्ह

आज सकाळी बेळगावातल्या आमच्या शहापूरचे माग थांबले. एरवी आमच्या गल्लीत दिवसभर खटखट चालू असते. पाहुणे आले की ते ओरडून बोलतात, आणि आपण ओरडतोय हे त्यांना उंबऱ्याबाहेर गेल्यावर कळतं. खंडेनवमीला मागांना पूजेला बसवतात, मग ती खटखट बंद होते आणि काय काय ऐकू यायला लागतं! समोरच्या घरातला कुकर, पत्र्यावर चालणारं कबूतर, लांबच्या देवळातली घंटा आणि माझे स्वतःचे गुडघे. या शांततेची सवय नसल्यामुळं पहिला तासभर माझं डोकंच दुखतं.

मी माझ्या संगणकापुढं रांगोळी काढायला वाकले. झेंडूची माळ पडद्यावर चढवली, हळदकुंकवाची बोटं लावली आणि कळफलक उलटा करून झटकला, तर एका फटीतून कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा बाहेर पडला. गेल्या दसऱ्याची अक्षत ती. वर्षभर कुठल्या अक्षराखाली दडून बसली होती कोण जाणे. आणि तो दाणा हातात घेतल्याबरोबर गेल्या वर्षीचं सगळं नवरात्र असं अंगावर आलं, की देवापुढं बसूनसुद्धा मला चिडल्यासारखं झालं.

मी लग्नपत्रिका करते. आता डीटीपी म्हणतात, पण आमच्या घरात अजून पत्रिका 'जुळवणं' असंच म्हणतात. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, होते तेव्हा पुढच्या खोलीत वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, त्यांनी हौसेनं एक संगणक आणून ठेवला. त्यावर बसणारा माणूस दुसरीकडं गेला, संगणक फडक्याखाली झाकून पडला, आणि एक दिवस मी ते फडकं काढलं. मला कुणी शिकवलं नाही. कळांवर कागदाचे तुकडे डिंकानं चिकटवून त्यावर अक्षरं लिहिली. कुठल्या इंग्रजी कळेत आमचा 'श' लपलाय आणि कुठल्यात काना, हे दाबून दाबून शोधलं. तुकडे झिजून पडले तोवर बोटांना सगळं पाठ झालं होतं. आता कुणाच्या घरी मांडव पडणार हे भटजींनंतर मला कळतं, एवढी माझी पत आहे.

तर गेल्या नवरात्रात, घट बसले आणि पडद्यावर एक पाटी उगवली. तुमच्या विंडोजला आता इथून पुढं सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नाही, नवीन विंडोज घ्या. बरं, घेऊ म्हटलं. खाली दुसरी पाटी, की तुमचा संगणक नव्या विंडोजला पात्र नाही. पात्र नाही! लग्नसराईत रात्रंदिवस राबलेलं यंत्र, कधी तापलं नाही, कधी अडलं नाही, आणि त्याच्याच तोंडानं त्याला अपात्र म्हणवलं. मी ती पाटी बंद केली. ती परत आली. मी परत बंद केली. घरात नको असलेला पाहुणा कसा 'येतो हं' म्हणून चपला घालतो आणि पुन्हा बसतो, तसं चाललं होतं.

नवरात्रात आमच्याकडं हवा मोठी चमत्कारिक असते. पाऊस गेलेला असतो, पण गेला म्हणावं तर दुपारी कुठूनतरी एक सर येऊन वाळत घातलेलं सगळं भिजवून जाते. बाहेर सोयाबीनची मळणी चालू असते, तिचा भुसा वाऱ्याबरोबर शहरात येतो आणि नाकात वळवळतो. घरात कडाकण्या तळल्याचा वास. त्या वासात, शिंका देत, मी ती पाटी बंद करत बसले होते.

माझा धाकटा भाऊ वसंत निपाणीला असतो. सगळी नोकरी तंबाखूच्या वखारीत कारकुनी करण्यात गेली, निवृत्त झाला आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून लिनक्सचा झाला. 'झाला' म्हणते ते मुद्दाम. माळ घातलेला माणूस जसा भेटेल त्याला मटण सोडायला सांगतो, तसा हा भेटेल त्याला विंडोज सोडायला सांगतो. मी चुकून त्याला फोनवर त्या पाटीचं बोलले.

"आक्का, ह्याचीच वाट बघत हुतो मी!" त्याचा आनंद बघा. माझ्या घरी आग लागली असती तरी हा म्हणाला असता, ह्याचीच वाट बघत हुतो.

"वसंता, मला काय करू ते सांग."

"विंडोज म्हंजे भाड्याचं घर, आक्का. मालक म्हणंल तवा खाली करायचं. लिनक्स सगळ्यांचं. फुकट!"

"फुकट हाय म्हंजे कायतरी खोड आसणार."

"गावातल्या आडाचं पाणी फुकट न्हाय व्हय?"

"आडाचं पाणी शेंदावं लागतंय रं."

"तेवढं शेंदायचं की मग! आता फकस्त ठरवूया, कुठलं लिनक्स घ्यायचं."

"कुठलं म्हंजे? लिनक्स एकच न्हाय व्हय?"

छे! त्याचे म्हणे ढीगभर प्रकार. हे जुन्या यंत्राला बरं, हे दिसायला बरं, हे शिकाऊ माणसाला बरं. एकाचं नाव पुदिन्यावरून आहे म्हणाला. मी म्हटलं, "मला पत्रिका करायची हाय वसंता, कोशिंबीर न्हाय." आणि फोन ठेवला.

सून गीता शाळेत शिकवते. माहेर गोकाककडचं, घरी कन्नड, म्हणून मला अत्ती म्हणते. ती भाजी निवडता निवडता शांतपणे म्हणाली, "अत्ती, नवा लॅपटॉपच घ्या की. सोडा हे जुनं."

"अगं पण माझा मराठीचा प्रोग्राम? त्याची ती मागं खोचलेली खुंटी? तिच्याशिवाय तो उघडतच नाही, आणि नव्यावर ती चालत नाही म्हणतात."

खुंटी म्हणजे बोटाएवढी एक वस्तू. मराठी अक्षरांचा प्रोग्राम विकणाऱ्याने कुलपासारखी दिलेली. तो विकणारा कधीच धंदा बंद करून गेला. कुलूप माझ्याकडं, किल्ली माझ्याकडं, आणि घर कुठं आहे कुणालाच ठाऊक नाही.

लोकांना वाटतं वय झालं की नव्याची भीती वाटते. मला नव्याची भीती नव्हती हो. मला भीती होती ती विचारण्याची. बाई माणूस म्हणून जन्मभर विचारतच आले. जाऊ का, आणू का, बोलू का. या एका खुर्चीत बसल्यावर मला कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. अक्षर कुठं आहे ते माझ्या बोटांना ठाऊक, कागद अडकला तर कुठून ओढायचा ते मला ठाऊक. आता या वयात नवं काहीतरी घ्यायचं म्हणजे पुन्हा कुणाच्यातरी मागं उभं राहून, पदर सावरत, 'जरा बघ की रं एवढं' म्हणायचं. तसं म्हणावं लागणार असेल तर धंदाच बंद करावा, असं मी खरंच ठरवत आले होते. गीताला बोलले नव्हते, पण तिला कळलं असावं. पोळ्या लाटताना ती माझ्याकडं जरा जास्तच मायेनं बघायची, आणि त्याचा तर मला जास्तच राग यायचा.

त्यात बाळगोंडा अण्णा येऊन गेले. चिकोडीच्या अलीकडं त्यांची शेती, घर जैनांचं, मुलीचं लग्न तुळशीचं लग्न झाल्या झाल्या धरलेलं. व्याही हुक्केरीचे. म्हणजे पत्रिका दोन्ही अंगांची. आमच्या भागात हे असंच असतं, एका अंगाला मराठी, उलटवली की कन्नड. निपाणीकडच्या मावशीनं इकडून वाचायची, हुक्केरीच्या आत्यानं तिकडून. मराठी अंग मी करायची. कन्नड अंग मात्र खडेबाजारच्या एका बोळातल्या माणसाकडून करून आणायचं. वरच्या मजल्यावर त्याचं दुकान, चिंचोळा जिना. तिथं स्टुलावर बसून राहायचं, त्याचा मूड सांभाळायचा, आणि पाहुण्यांनी एक नाव बदललं की पुन्हा रिक्षा, पुन्हा जिना.

"आक्का, दिवाळीच्या आत द्या हं," अण्णा म्हणाले. "आमच्या पावण्यांचं तुमाला म्हायती हाय. पत्रिका उशिरा गेली की जेवायला बसत न्हाईत, नुसतंच हुबं ऱ्हातात."

मी हो म्हटलं. मागं ती पाटी पुन्हा उगवली होती.

गेल्या वर्षीच्या त्या खंडेनवमीला सकाळी मी यंत्रं पूजेला बसवली. संगणक, प्रिंटर, कात्री, स्टेपलर, एवढंच काय शिलाई मशीनसुद्धा. मोबाइलला पूजेला बसवायची मात्र गल्लीत कुणाची छाती नाही. माळा चढल्या, निरांजन लावलं, आणि तेवढ्यात वसंत दारात. निपाणीच्या पहिल्या बसनं आलता. त्याच्या पिशवीला अजून वखारीच्या तंबाखूचा वास येतो, नोकरी सुटून इतके दिवस झाले तरी. खिशातून त्यानं अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह काढला.

"आणलंय, आक्का. सर बाजूला, चालू करून दावतो."

"हात लावू नकोस! पूजेला बसलंय ते."

"अगं नुसतं बघायचं. आत काय बसवायचं न्हाय. ह्यातनंच चालतंय."

"समोरचे माग बघ. उद्या सोनं लुटल्याशिवाय एक धोटा हलणार न्हाय गल्लीत. आणि माझा संगणक काय वरनं पडलाय?"

"आक्का, तू जगाच्या मागं ऱ्हाणार बघ."

"ऱ्हाऊ दे. एका दिवसानं काय जग म्हातारं हुत न्हाय."

शेवटी मी तो पेनड्राइव्हच त्याच्या हातातून घेतला, वाटीत ठेवला, त्यालाही हळदकुंकू लावलं आणि संगणकाशेजारी बसवला. वसंत दिवसभर कडाकण्या मोडत लिनक्सचं कीर्तन करत राहिला आणि मी त्याला वाढत राहिले. गल्ली मुकी होती, त्यामुळं ते कीर्तन चौकापर्यंत ऐकू जात असणार.

दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं देऊन-घेऊन झाली, देवीचं दर्शन झालं, आणि वसंत म्हणाला, "आज सीमोल्लंघन, आक्का. आजच करू." तो माझ्या खुर्चीत बसला. मी मागं उभी. ज्याची धास्ती होती नेमकं तेच, सणाच्या दिवशी. पडद्यावर डोंगराचं चित्र आलं, सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. मग हा उंदीर फिरवत इकडं गेला, तिकडं गेला, मध्येच एक काळी चौकट उघडून त्यात इंग्रजीत काहीतरी बडवलं.

"दिसलं का?"

"काय दिसायचं? तुझं टक्कल दिसलं."

"सोपं हाय सगळं."

"तुझ्या बोटाला सोपं हाय. माझं बोट कुठं लागलंय आजून?"

संध्याकाळच्या बसनं तो गेला. पेनड्राइव्ह माझ्याकडं ठेवून गेला, अगदी नवस बोलून ठेवावा तसा.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. दिवाळीची झाडलोट एकीकडं, लिनक्स एकीकडं. माझ्या जुन्या पत्रिका उघडून बघितल्या तर 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा चिवडा. इतक्या लेकीबाळींची लग्नं, आणि एकीचंही नाव वाचता येईना. प्रिंटरला सांगावं तर तो दिवा लावून नुसता बघत बसे. काळ्या चौकटीत एकदा पासवर्ड मागितला. मी दाबते, दाबते, पडद्यावर ठिपकासुद्धा नाही. वाटलं कळफलकच मेला. वसंतला फोन केला तर म्हणतो, "तसंच आसतंय ते. दिसत न्हाय, पर घेतंय." देवळातल्या दानपेटीसारखं!

मराठीसाठी त्यात इन्स्क्रिप्ट नावाचा वेगळाच कळफलक. माझ्या बोटांचं पाठांतर तिथं शून्य. मी 'श' म्हणावा तर त्यानं भलतंच काही द्यावं. तरी बसले. पुन्हा कागदाचे तुकडे कापले, पुन्हा चिकटवले. बाळगोंडा अण्णांची मराठी बाजू, '॥ श्री वीतरागाय नमः ॥' पासून खालच्या 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत, एकेक अक्षर शोधत सबंध दुपार घालून उभी केली. मान आखडली. मग शिस्तीत संगणक बंद केला, चहा घेतला, आणि पुन्हा चालू केला.

काही नव्हतं. डोंगराचं चित्र तेवढं होतं.

"वसंता, माझी पत्रिका कुठाय?"

"कशात ठेवलीस?"

"कशात म्हंजे? त्यातच!"

फोनवर तो हळूच म्हणाला, "आक्का, पेनड्राइव्हवरनं चालवलं की बंद केल्यावर समदं पुसतंय. सांगायचं ऱ्हाऊन गेलतं."

"ऱ्हाऊन गेलतं? दिवसभर माझं कान किटवलास, ते शंभर परकार सांगितलास, आणि हे ऱ्हाऊन गेलतं?"

मी त्याला त्या दिवशी जे बोलले ते इथं लिहीत नाही, कारण ही माणसं अजून भाऊबीजेला ओवाळून घ्यायला येतात. पेनड्राइव्ह काढून मी भांड्यांच्या फळीवर टाकला.

तो उचलून आणला गीतानं. रविवार होता. "अत्ती, एकदा मी बसू का शेजारी? मागं नाही, शेजारी," असं म्हणाली ती. शब्द नेमका निवडला होता. या पोरीचं मला कधीकधी आश्चर्य वाटतं. तिनं दुसरा एक पेनड्राइव्ह खोचला, काम त्यात कसं ठेवायचं ते एकदाच दाखवलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. मी पुन्हा टायपायला लागले. हळूहळू बोटं वळत होती, काल शोधावी लागलेली अक्षरं आज आपणहून बोटाखाली यायला लागली होती. ते बघता बघता ती म्हणाली, "थांबा. कन्नड करून बघते." काहीतरी दाबलं. "आता तुमचा 'क' दाबा."

मी माझ्या 'क'ची कळ दाबली. कन्नडचा क आला.

"आता 'म'."

कन्नडचा म. मग 'ल', मग काना, मग वेलांटी. ज्या कळेत मराठी अक्षर, त्याच कळेत त्याचं कन्नड भावंड. मला कन्नड बोलता येतं, बसच्या पाट्या वाचता येतात, पण आजवर एक ओळ कधी लिहिली नव्हती. आणि इथं बोटांना निम्मं आधीच येत होतं! मी 'कमळ' लिहिलं. मग 'बेळगावी'. मग गीताचं नाव, तर ती लहान मुलीसारखी हसली.

मला एकदम त्या बोळातला जिना आठवला. मी कुणाला विचारत नाही म्हणून एवढा तोरा मिरवत होते, आणि प्रत्येक पत्रिकेची अर्धी बाजू स्टुलावर बसून दुसऱ्याकडं मागत होते. इतकी सवय झाली होती, की ते मागणं आहे हे कळतसुद्धा नव्हतं.

"हे लिनक्समुळं व्हय गं?"

गीता खोटं बोलत नाही, हाच तिचा त्रास आहे. "नाही अत्ती. विंडोजमध्ये पण आहे हे."

म्हणजे मला कधीच करता आलं असतं! मी वसंतला फोन लावला. "तुझ्या लिनक्सात हाय ते विंडोजात पण हाय म्हणे."

"तिकडं पण हाय व्हय?" भावाचा आवाज इतका पडला, की घटकाभर मला त्याची कीवच आली. पण घटकाभरच.

मग मी विचार केला. नवा लॅपटॉप घेतला तरी खुंटी चालणार नाही, म्हणजे तिथंही बोटांना हेच नव्यानं शिकावं लागणार. कष्ट दोन्हीकडं तेवढेच. आणि इथं तर बोटं शिकायला लागलेली होती. आणि हे यंत्र, त्याला कुणी अपात्र म्हणो, माझ्या पूजेला बसलेलं होतं. तरी मन धजत नव्हतं. नुसतं बघणं वेगळं आणि आत बसवणं वेगळं. पाव्हणा म्हणून आलेल्याला जावई करून घ्यायचं म्हणजे बाई विचार करतेच.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी बाळगोंडा अण्णा बायकोला घेऊन आले. वहिनी मूळच्या हुक्केरीच्याच. गीताच्या शाळेतल्या प्रिंटरवर काढून आणलेला नमुना मी पुढं ठेवला, या खेपेला दोन्ही बाजू माझ्याच बोटांनी जुळवलेल्या. अण्णांनी मराठी बाजू वाचली, मान डोलावली. वहिनींनी कागद उलटवला आणि कन्नड बाजू मोठ्यानं, सूर लावून वाचायला घेतली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. माझ्या पोरांच्या निकालालासुद्धा मी कुणाच्या तोंडाकडं अशी बघत बसले नव्हते. वाचता वाचता त्या थांबल्या.

"अय्या, आमच्या थोरल्या काकांचं नाव ऱ्हायलं की!"

अण्णांनी कपाळाला हात लावला. "झालं! आता पुन्ना खडेबाजार. आक्का, रिक्षा बोलवू काय?"

"नको. नाव सांगा, वहिनी."

"बसगौडा."

मी खुर्ची ओढली. ब. स. ग. त्यावर औकार. ड, त्याला काना. सावकाश, एकेक कळ, कुणाच्या तोंडाकडं न बघता. वहिनी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. नाव पुरं झालं तसं त्यांनी ते पडद्यावर वाचलं.

"कन्नड शिकल्यासा व्हय आक्का, ह्या वयात?"

"बोटं शिकली. मी चाललेय त्यांच्या मागनं."

ते दोघं चहा पिऊन गेले. मी तशीच बसून राहिले. बाहेर माग चालू होते, खटखट, खटखट. मग मी वसंतला फोन लावला.

"ये रं. बसव ते लिनक्स. पत्रिका छापायला गेली की ये. जुनं विंडोज एका कोपऱ्यात ऱ्हाऊ दे, इंटरनेट तोडून, जुन्या फायलीपुरतं."

"आक्का! मी म्हणत न्हवतो? आगं, एकदा आत बसलं की..."

"कीर्तन नको. आणि एक आट हाय."

"बोल की."

"बसवताना खुर्चीत मी बसणार. तू तोंडानं सांगायचं, मी करणार."

"आगं, लई वेळ लागंल तसं. मी पटापट करून दिलं आसतं."

"लागू दे वेळ."

"आणि मी कुठं बसू?"

"माझ्या मागं उभा ऱ्हा."